डॉक्टरांनी ध्यान लिहून दिलंय. वूस्टरच्या आसपास कुठे जावं?

बेदाणेवाला (श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स)
मंडळी, वय ४७, आयटीत नोकरी, बीपी वरचं १५०. गोळी चालू आहेच, पण डॉक्टरीणबाईंनी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (सजगतेच्या ध्यानाचा) वर्गही सुचवला. पहिल्याच दिवशी तळहातावर एक बेदाणा ठेवला. बघा, बोटांनी दाबा, कानाशी धरा, हुंगा, मग जिभेवर ठेवा. पाच मिनिटं एका बेदाण्याला! आमची आजी मुठीने द्यायची. आजोबा पहाटे हरिपाठ म्हणायचे तेव्हा मी पांघरूण कानावर ओढायचो, आणि आता त्याचेच डॉलर मोजतोय की काय? ऑफिसातला एक जण म्हणतो, शेलबर्नला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जा, फुकट आहे. बायको म्हणते, दहा दिवस गप्पच बसायचंय तर घरी बस.

उकडीचा_मोदक
वहिनींना अनुमोदन. 😄

रात्रपाळी
दादा, मी वूस्टरला नर्स आहे, पंधरा वर्षं झाली. तुमचा बेदाणा इथलाच. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये इथल्याच मेडिकल स्कूलमध्ये हा प्रकार सुरू केला, दुखणं सहन करत जगणाऱ्या पेशंटसाठी. धर्माचा शब्द मुद्दाम बाहेर ठेवला, म्हणून तर हॉस्पिटलात चालला. जवळच बॅरी गावात १९७६ पासून विपश्यनेचं केंद्र आहे, जुन्या कॅथलिक मठाच्या इमारतीत. आणि स्पेन्सरला ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथातल्या साधूंचा मठ. तरुण मंडळी पूर्वेकडच्या ध्यानाकडे वळताहेत हे बघून तिथल्या साधूंनी सत्तरच्या दशकात आपल्याच चौदाव्या शतकातल्या एका पुस्तकातून मौनप्रार्थना पुन्हा बाहेर काढली. एकच शब्द धरायचा, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. म्हणजे नामस्मरणच की हो! (त्यांचा जॅमही चांगला असतो.)

मी शेलबर्नला गेले होते. गोएंका गुरुजींचं ते केंद्र १९८२ चं, इगतपुरीचंच भावंड. पहाटे चारला घंटा, संध्याकाळी पाचला फळं आणि चहा, मग रात्री काही नाही. पाचव्या दिवसापासून रोज तीनदा तासभर हात-पाय-डोळे न हलवता बसायचं. मला वाटलं रात्रपाळीचं शरीर आहे, काय होतंय! पस्तीसाव्या मिनिटाला उजवा गुडघा असा पेटला की मी मनातल्या मनात रजेचा अर्ज लिहायला घेतला.

गंमत वेगळीच झाली. रेकॉर्डवर गुरुजींचे हिंदी दोहे लागतात. शेजारच्या अमेरिकन बायकांना तो नुसता खर्जातला आवाज, त्या निवांत बसायच्या. मला शब्द कळत होते, तेच नडलं. प्रत्येक दोह्याला मनात चर्चा सुरू: हे तुकोबांनी किती बरं सांगितलंय वगैरे. तीन दिवस मी ध्यान सोडून तुलनाच करत होते.

पण तुमच्या वर्गात आणि तिथे खरा फरक पहिल्या संध्याकाळी कळतो. बसायच्या आधी पंचशील घ्यावं लागतं, त्यात खोटं न बोलणं आलं. मौनात खोटं बोलणार कुणाशी, म्हणून मी हसले होते. सहाव्या दिवशी आठवलं. बाबांच्या वर्षश्राद्धाला ‘रजा मिळत नाही’ असं भावाला कळवलं होतं. रजा होती. मी नायगाऱ्याला गेले होते. ते तीन दिवस गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. घरी आल्यावर भावाला कराडला फोन केला. तो म्हणाला, ‘अगं, तुझे धबधब्याचे फोटो आम्ही तेव्हाच पाहिले होते.’

वर्ग वाईट नाही हं. माझे कितीतरी पेशंट त्यामुळे झोपायला लागले. पण तिथे माझ्या खोटेपणाबद्दल मला कुणी विचारलं नसतं.

कट्ट्यावरचा_काका
गुडघे दुखत असतील तर आधीच सांगून खुर्ची मागा. लाजू नका. आणि बीपीची गोळी बंद करून जाऊ नका, फॉर्मात औषधं नीट लिहा.

बेदाणेवाला
ताई, दोनदा वाचलं. मीही ‘रजा नाही’वाल्यांपैकीच, पण ते इथे नको. शेलबर्नचा फॉर्म भरलाय, वेटिंग लिस्टवर आहे. वर्ग पुरा करतोय, पैसे परत देत नाहीत. बायकोने काल शिरा केला आणि बेदाणे मुठीने घातले.