बाईचा रोज, गड्याचा रोज : तुमच्याकडे काय चालतं?

यंदा सोयाबीनच्या सोंगणीला माझ्या रानात गडीही होते, बायाही. विळा तोच, पातही तेवढीच. संध्याकाळी बायांच्या हातावर ३०० ठेवले, गड्यांच्या ५००. गावात भावच तसा आहे. रात्री वहीत मांडताना लाज वाटली. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता, माझ्या जन्माआधी. तुमचे अनुभव लिहा, घेणारे असा की देणारे.

यवतमाळकडून
उगाच मनाला लावून घेऊ नका. भरलेला पंप पाठीवर घेऊन फवारणी करायची म्हणजे गंमत नाही. आणि गडी आठला येतो, बाई अकराला.

त्यांनाच उत्तर
दादा, अकराला का येते तेही लिहा की. तोवर पाणी, भाकरी, पोरांची शाळा, गुरांचं शेण झालेलं असतं. आणि सोंगणीत कुठला पंप होता?

परभणी
कापूस वेचणीला किलोवर पैसे, तिथे बाई-गडी एकच भाव. म्हणून की काय, आमच्याकडे गडी वेचायला येतच नाहीत. एकदा आमच्या नवऱ्याने हौसेने कापूस वेचायची ओटी बांधली. काट्यावर माझा ६० किलो, त्यांचा ३५. दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली!

बीड
आई आणि दादा, म्हणजे वडील, ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दादांच्या नावावर, मुकादमाच्या कागदावर अंगठाही त्यांचाच. आई पहाटे तीनला कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापायची, मग फडात. दादा तोडायचे, ती मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. सहा महिन्यांची मला पोटात घेऊनही चढली आहे. हिशेब टनावर व्हायचा. त्यात आईचे किती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि आता ती नाही. तापाने कोपीत पडली की खाडा मात्र लागायचा, पैसे कापले जायचे. त्या दिवशी तेवढी ती मोजली जायची.

मुंबई, निवृत्त
आम्ही फोर्टातल्या कचेरीत स्टेनो. बायकांची श्रेणी वेगळी, पुरुषांची वेगळी, टाइपरायटर एकाच कंपनीचे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध तिथल्या स्टेनो ऑड्री डिकॉस्टा यांच्या बाजूने समान वेतनाचा निकाल दिला. युनियनशी करार झालाय ही कंपनीची सबब चालली नाही. कात्रण घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. महिन्याभरात आमचं पद बदललं : सेक्रेटरी. आता तुलना करायला पुरुष सेक्रेटरीच नव्हता. पगार तेवढाच.

पुणे, आयटी
'आधीचा पगार किती होता?' एवढ्या एका प्रश्नावर माझी दहा वर्षं गेली.

निफाड
आमची बारा जणींची टोळी आहे. कांदा लागवड रोजाने घेत नाही, एकरावर उक्तं घेतो. पैसे बांधावर बसून सारखे वाटतो. यंदा दोन गडी आले, आम्हालाही घ्या म्हणाले. म्हटलं या, वाटा सारखाच. एक तिथूनच परत फिरला. दुसरा अजून आहे, रोपं उपटून देतो.