पाण्याखालच्या स्वायत्त यंत्रावर जहाजावरची माणसे देखरेख कशी ठेवतात?

प्रश्न: २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बेपत्ता झाले. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे अवशेष बंगालच्या उपसागरात सुमारे ३,४०० मीटर खोलीवर दिसल्याचे जाहीर झाले आणि ते राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वायत्त यंत्राने टिपले होते. यंत्र स्वतःच फिरत असेल, तर त्या वेळात जहाजावरची माणसे काय करतात? ड्रोनप्रमाणे त्यांना पडद्यावर तळ दिसत असतो का?

उत्तर १: तळ दिसत नाही. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात, त्यामुळे तिथे जीपीएस चालत नाही आणि निरोप ध्वनीनेच पाठवावे लागतात. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे एवढ्या खोलीवरच्या यंत्राला काही विचारले, तर उत्तर यायला साडेचार सेकंद लागतात, आणि तेही खोली, दिशा, बॅटरी अशा मोजक्या आकड्यांत. यंत्र आपला वेग आणि दिशा मोजून स्वतःचे स्थान हिशेबाने काढत असते व त्यातली चूक तासागणिक साठत जाते. ती जहाजावरून दुरुस्त करणे आणि लक्षण बरे दिसले नाही तर यंत्राला वर बोलावणे, एवढेच त्या वेळी माणसाच्या हाती असते. छायाचित्रे यंत्र वर आल्यावरच पाहायला मिळतात.

उत्तर २: माझ्या मते माणसाचे खरे काम यंत्र पाण्यात सोडण्याआधीच होते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळले. शेवटच्या ज्ञात स्थानाजवळच्या पाण्यात ब्लॅक बॉक्सचे ध्वनिसंकेत ऐकू आले नाहीत, म्हणून विमान तिथे नसावे असे मानून पुढचा शोध दुसरीकडे नेला गेला. संकेत देणारी उपकरणेच बंद पडली असतील, ही शक्यता अवशेष कुठे असतील याच्या नंतरच्या फेरगणितात धरली आणि त्याच पट्ट्यात एप्रिल २०११ मध्ये रेमस ६००० या स्वायत्त यंत्रांना सुमारे ३,९०० मीटरवर अवशेष सापडले. नेमून दिलेला तळ यंत्रांनी चोख तपासला होता. कोणता तळ नेमून द्यायचा, हा निर्णय माणसांचा होता.

उत्तर ३: यात बर्फाखालच्या मोहिमांची भर घालतो. बिघाड झाला की वजन टाकून पृष्ठभागावर ये, हा नेहमीचा आदेश तिथे निरुपयोगी ठरतो, कारण वर शेकडो मीटर जाडीचा बर्फ असतो आणि जहाज डोक्यावर येऊ शकत नाही. ब्रिटनचे ऑटोसब-२ हे यंत्र २००५ मध्ये अंटार्क्टिकात फिंबुल हिमतटाखाली (समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाखाली) अडकले, ते परत मिळालेच नाही. अशा ठिकाणी कोणत्या बिघाडात मागे फिरायचे, हे आधीच लिहून द्यावे लागते.