ऑटोफॅजीला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती: भाचीच्या कॉलेजात मराठी विज्ञानलेख स्पर्धा आहे, विषय घेतलाय क्षयाचे जंतू पेशीच्या आत कसे टिकतात. ऑटोफॅजीला, म्हणजे पेशी स्वतःचेच निकामी भाग मोडून पुन्हा वापरते त्याला, मी 'आत्मभक्षण' सुचवलं तर म्हणते मावशी किती अघोरी वाटतं ते. दुसरं काही आहे का?

कडूनिंब: मूळ शब्दच तसा आहे, ग्रीकमधे ऑटो म्हणजे स्वतः आणि पुढचं खाणं, द डूव्ह या शास्त्रज्ञाने 1963 मधे केलेला. मी 'स्वभक्षण' लिहितो. आणि ते उपाशी राहिलं की ऑटोफॅजी होते म्हणून उपवासाला नोबेल मिळालं वालं फॉरवर्ड इथे कोणी टाकू नका प्लीज, जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना 2016 चं नोबेल यीस्टमधल्या ऑटोफॅजीवरच्या कामासाठी मिळालंय, एकादशीसाठी नाही :)

धागाकर्ती: हाहा. बरं मग पेशी आत घुसलेला जंतू खाते ती झेनोफॅजी, त्याला परभक्षण?

रानवारा: नको हो, शेतीत परभक्षी म्हणजे मावा खाणारे मित्रकीटक, भलताच गोंधळ होईल. मला तर भक्षणच खटकतं. पेशी आधी जंतूभोवती पटल गुंडाळते, मग ती पिशवी लायसोसोमला म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या लयकारिकेला, पेशीच्या पचनाच्या पिशवीला, जाऊन मिळते आणि तिथे तो जिरतो, म्हणजे गुंडाळणं वेगळं जिरवणं वेगळं आणि जंतूंची लबाडी नेमकी इथेच चालते. लिस्टेरिया नावाचा जंतू पेशीचीच प्रथिनं अंगावर पांघरतो, मग त्याला परका म्हणून ओळखणार कोण. लिजिओनेला हा दुसरा जंतू तर गुंडाळायला लागणारं, पटलाला चिकटलेलं एलसी3 प्रथिनच कापून टाकतो. क्षयाच्या जंतूला भक्षकपेशी गिळते खरी पण तो ती पिशवी लयकारिकेला मिळूच देत नाही, खाल्लं पण जिरलं नाही! 2004 मधे अशा पेशी उपाशी ठेवून ऑटोफॅजी चालू केली तर तो अडसर सुटला आणि आतले जंतू कमी झाले.

धागाकर्ती: मग 'पेशीने त्याची जिरवली' लिहू? 😄

कडूनिंब: लिही की, परीक्षक हसतील तरी. पण क्यू तापाचा जंतू कॉक्सिएला, त्याचं काय करायचं? तो लयकारिकेच्या आम्लातच मजेत वाढतो, वर ऑटोफॅजीच्या पिशव्या येऊन मिळाल्या की त्याचं घर अजून मोठं होतं. आयत्या बिळावर नागोबा. इथे कोणी कोणाची जिरवली?

रानवारा: हं, तिथे माझा शब्द आपटला. ऑटोफॅजीच लिहा सरळ, आणि गुंडाळणं-जिरवणं एकदा फोडून सांगा.

धागाकर्ती: भाची सकाळपासून हेच म्हणतेय, मीच ऐकत नव्हते.