मदत हवी आहे: डीएमटी पोटात टिकत नाही, मग डीईटी कसं टिकतं?

नमस्कार मंडळी, अंबाजोगाईहून लिहितेय. एम.एस्सी. ऑरगॅनिकचं शेवटचं वर्ष, सोमवारी सेमिनार आहे. विषय घेतलाय डायइथिलट्रिप्टामाइन, म्हणजे डीईटी. डीएमटी (डायमिथिलट्रिप्टामाइन) हा त्याचा जवळचा भाऊ; दोन्ही भास घडवणारी द्रव्यं. आबा म्हणले, "नशेच्या गोष्टीवर कशाला बोलायलीस?" पण मला यातलं रसायनशास्त्र मनापासून आवडलंय. आपल्या वरणातल्या प्रथिनांत असतं त्या ट्रिप्टोफॅनचं आणि सेरोटोनिनचं जे इंडोल वलय, तेच इथंही आहे.

इतिहास जमलाय. बुडापेस्टचे संशोधक स्टीफन झारा यांनी सँडोझ या औषध कंपनीकडे एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य मागितलं. कम्युनिस्ट देशातला माणूस म्हणून नकार आला. मग त्यांनी स्वतःच डीएमटी तयार केलं. (ते मान्स्के यांनी कॅनडात १९३१ सालीच बनवलं होतं, पण मनावरचा परिणाम कुणाला ठाऊक नव्हता.) तोंडावाटे घेऊन काहीच जाणवेना, तेव्हा झारांनी ते स्वतःला टोचून घेतलं आणि १९५६ मध्ये निष्कर्ष छापले. पुढे १९५९ मध्ये बुडापेस्टमधूनच डीईटीच्या परिणामांवर शोधनिबंध आला.

अडलंय ते इथं. नायट्रोजनवर दोन मिथाइलऐवजी दोन इथिल, एवढाच फरक. तरी डीईटी तोंडावाटे काम करतं. का? फळ्यावर कसं समजावू? सर नक्की विचारणार.

प्रतिसाद (नांदेडहून):
ताई, मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम बघा. आतड्यात आणि यकृतात ते डीएमटीच्या साखळीतल्या नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढतं, साखळी तुटते आणि शेवटी इंडोल अॅसेटिक आम्ल उरतं, जे झाडांत वाढीचं संप्रेरक म्हणून असतं. इथिल गट आडदांड. कडब्यानं भरलेली गाडी गावच्या वेशीत अडकते ना, तसं डीईटी एंझाइमच्या खाचेत नीट बसत नाही, म्हणून बरंचसं वाचून रक्तात पोचतं.

तुलनेला अल्फा-मिथाइलट्रिप्टामाइन घ्या. तिथं नायट्रोजन मोकळा, मिथाइल बसलाय शेजारच्या कार्बनवरच, म्हणजे एंझाइम जिथं घाव घालतं नेमकं तिथं. तेही तोंडावाटे चालतं. सोव्हिएत संघात १९६० च्या दशकात ते 'इंडोपान' नावानं नैराश्यावर देत. तिन्ही रेणू शेजारी शेजारी काढा आणि तो एक कार्बन लाल खडूनं दाखवा.

आबांना सांगा, भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत डीईटी नावानिशी आहे. तुमचं काम फळ्यावरचंच आहे.

धागाकर्ती:
खूप आभार! रात्रीच तिन्ही आकृत्या काढते. एकच राहिलं: खाचेत बसत नाही म्हणताना इथिल गटांचा आकार दाखवायला बॉल-स्टिक मॉडेल कुणाकडं आहे का? परळी किंवा लातूरपर्यंत घ्यायला येऊ शकते.