छातीत दुखणं : गॅस, चमक का हार्ट? (अनुभव धागा)

पांदणवाट : आज एका तेरवीत पुन्हा तेच ऐकलं, "गॅस समजून ओवा-सोडा देला होता." असे गेलेले सगळे आठवले, म्हणून धागा काढला. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), उपकेंद्र, 108 अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी लिहा. माझ्याकडून एक : हार्टवाला बहुतेकदा बोटानं जागा दाखवत नाही, अख्खा तळहात छातीवर ठेवतो. "दगड ठेवल्यावानी" म्हणतो. थंड घाम, कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात. 15 मिनिटांवर गेलं की थांबू नका.

सिस्टर_उपकेंद्र : दाबलं की दुखते, कूस बदलली की चमकते, ते बहुधा फासळीचं. वेचणीत गाठोडं उचलून लय येतात असे. तरी चाळिशीच्या वर असला तर ईसीजी काढायचाच. श्वास घेताना टोचते अन् तापही आहे, तर फुफ्फुस तपासा.

देवकापूस : शुगरवाल्यायचं लिहा न कोणी. त्यायले कधी कधी दुखतच नाही. नुसता दम, घाम, बेंबीच्या वर जड.

सिस्टर_उपकेंद्र : हो भाऊ, बायांचंही तसंच. अशक्तपणा म्हणून सलाईन लावून देतात.

एमओ_तालुका : अँटासिडनं बरं वाटलं म्हणून हार्ट नाही, असं धरू नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला अन् दुखणं सुरूच आहे, तर 15 ते 30 मिनिटांनी परत काढा. ट्रोपोनिनही (हार्टला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी) पहिल्या 3 तासांत निगेटिव्ह येऊ शकते. अ‍ॅस्पिरिन 300 मिग्रॅ, म्हणजे 75 च्या चार, चावून खायला द्या. अ‍ॅलर्जी, काळी संडास, किंवा पाठीत एकदम फाटल्यासारखी कळ असेल तर देऊ नका. सॉर्बिट्रेट (हार्टच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) बीपी पाहूनच. वरचा आकडा 90 च्या खाली असताना जिभेखाली ठेवली तर रोगी तिथंच कोसळतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन 12 तासांच्या आत चालते, पण पहिल्या दोन-तीन तासांतला फायदा नंतर मिळत नाही.

सायरन : दोघांच्या मधात बसवून मोटरसायकलवर आणणं बंद करा बाप्पा. रोग्याला पायी चालवू नका, अर्धवट बसवून ठेवा, 108 लावा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून द्या, तिकडं पहिलं तेच विचारतात.

मोहफूल : गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) विसरू नका. एसएसवाल्याले, म्हणजे ज्याले पुरा आजार आहे त्याले, ताप, खोकला अन् छातीत दुखणं आलं तं घरी ठेवायचंच नाही. ऑक्सिमीटर लावा अन् लगेच रेफर करा.

देवकापूस : फवारणीतही छाती आवळते न जी?

एमओ_तालुका : आवळते. घामही सुटतो, म्हणून हार्ट वाटते. डोळ्याची बाहुली पाहा. टाचणीच्या टोकाएवढी झाली, लाळ गळते, अंग फडफडते, तर औषध बाधलं. कपडे काढा, साबणानं धुवा, औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळनं काय भोगलं ते माहीत आहे सगळ्यांना.

देवकापूस : उद्या तुरीवर मारायचं होतं. वारा कसा आहे तिकडं?

सायरन : जोराचा आहे. थांबा दोन दिवस.

सिस्टर_उपकेंद्र : एक राहिलं. एकाच बाजूनं पट्ट्यासारखी आग, दोन-चार दिवसांनी फोड, ती नागीण. गेरू लावत बसू नका, पुरळ दिसल्यापासून 72 तासांत विषाणूवरची गोळी सुरू व्हायला पाहिजे.