मदत हवी आहे: बसच्या अर्जात लोकसंख्या कोणती लिहायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव उमरेडच्या पुढं, भिवापूरकडं. नागपूर-नागभीड छोटी लाइन २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तेव्हापासून सगळी भिस्त बसवर. अन् बस थांबते फाट्यावर. पुढं पायी, पावसाळ्यात शाळेच्या पोरी चपला हातात घेऊन चिखल तुडवतात.

आता ग्रामसभेचा ठराव जोडून आगारात अर्ज देतोय. त्यात लोकसंख्या लिहायची, तर जनगणना २०११ चीच! तेव्हाची पोरं आता लेकुरवाळी झाली जी. आशाताईंच्या सर्व्हेचा आकडा चालतो का, की मतदारयादी जोडावी? अर्ज आगारप्रमुखांना द्यावा की थेट विभाग नियंत्रकांना? कोणी गावात मुक्कामी गाडी सुरू करून घेतली असेल, तर अर्जाचा नमुना टाका ना बाप्पा.