थ्रेडच्या बगला ओळ जबाबदार की शेड्युलिंग?

मांडवीकाठ (पणजी)
आपल्या गोव्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरू लागले की ‘फॉल्ट लोकलायझेशन’, म्हणजे प्रोग्राममधला दोष कुठल्या ओळीत आहे ते शोधणं, हमखास पुढे येतं. टेस्ट चालवायच्या, कुठल्या टेस्टमध्ये कुठली ओळ धावली ते नोंदवायचं आणि टरान्टुला किंवा ओचिआईच्या सूत्राने ओळींना संशयाचे गुण द्यायचे. समजा ४ टेस्ट फेल झाल्या. एखादी ओळ त्यातल्या ३ मध्ये आणि पास झालेल्यांपैकी फक्त १ मध्ये धावली, तर ओचिआई तिला ०.७५ देतं. साध्या प्रोग्रामला हे पुरतं. पण ही मुलं उद्या वेर्ण्यात किंवा पुण्या-बंगळूरला नोकरीत जो कोड लिहितील तो समांतर चालणारा असेल, आणि तिथे ही पद्धत आंधळी आहे.

पणजी-सावंतवाडी बसचं बुकिंग घ्या. शिल्लक सीट १०. दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममधली समांतर चालणारी कामं) लागोपाठ आले तर शेवटी ८ उरतात, टेस्ट पास. दोघांनीही आधी १० वाचले आणि मग दोघांनीही ९ लिहिले, की तिकिटं दोन गेली आणि शिल्लक ९. टेस्ट फेल. धावलेल्या ओळी मात्र दोन्ही वेळा त्याच! प्रत्येक ओळीला सारखेच गुण. मार्गदर्शकांनी हा विषय या जुन्या साच्यात देणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोंडेकर
साफ असहमत. दोष सूत्राचा नाही, तुम्ही मोजताय त्या गोष्टीचा आहे. २०१० मध्ये पार्क, वुडुक आणि हॅरल्ड यांनी ‘फाल्कन’ हे तंत्र मांडलं. त्यात ओळींऐवजी सामाईक व्हेरिएबलवर कुठल्या थ्रेडने कुठल्या क्रमाने वाचलं-लिहिलं, त्या क्रमांना गुण दिले जातात. तुमच्या बसच्या उदाहरणात ‘पहिल्याने वाचलं, दुसऱ्याने लिहिलं, पहिल्याने लिहिलं’ हा क्रम फेल रनमध्येच सापडेल आणि थेट यादीच्या माथ्यावर येईल. शिवाय रोजच्या कामातले बरेचसे बग थ्रेडचे नसतातच. पाया का मोडायचा?

वास्को_बॅकएंड
तुम्ही दोघंही चुकीच्या निकालाबद्दलच बोलताय. निकाल बरोबर पण वेळ जास्त, हाही दोषच. ग्रॅहमने १९६६ मध्येच दाखवलं होतं की कामं एकमेकांवर अवलंबून असतील तर प्रोसेसर वाढवूनही एकूण वेळ वाढू शकतो. एकेक काम छोटं केलं तरीही तेच होऊ शकतं. इथे बोट ठेवायला ओळच नाही.

मांडवीकाठ
@फोंडेकर, फाल्कन मान्य. पण त्याला फेल झालेला रन लागतो, तो आणणार कुठून? लॅपटॉपवर तीच टेस्ट दिवसभर चालवली तरी क्रम जवळजवळ तोच पडतो. म्हणून कुठला थ्रेड केव्हा धावणार ते ठरवणारा शेड्युलर हातात घ्यावा लागतो. २०१० च्याच पीसीटी (प्रॉबॅबिलिस्टिक कन्करन्सी टेस्टिंग) पद्धतीत थ्रेडना यादृच्छिक प्राधान्य देतात आणि मध्येच एखाद्या ठिकाणी ते बदलतात. २ थ्रेड आणि १०० पायऱ्या असतील, तर असला बग प्रत्येक रनमध्ये सापडण्याची शक्यता किमान २०० त १. ही हमी कव्हरेज, म्हणजे धावलेल्या ओळींची नोंद, देऊ शकत नाही. शेड्युलिंग अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरपुरतं उरतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फोंडेकर
या हमीबद्दल वाद नाही. तरी क्रम माझाच ठेवा: आधी एका थ्रेडवर ओचिआई हाताने काढायला लावा, मग तुमचं बसचं उदाहरण देऊन ते कुठे अडतं ते मुलांना स्वतः बघू द्या, आणि पुढच्या सेमिस्टरला पीसीटी. थेट शेड्युलरवर उडी मारलेली मुलं व्हायव्हात गुण कसे काढले हेच सांगू शकत नाहीत.